सेवेची प्रेरणा

दुसऱ्यासाठीं झिजण्याची प्रेरणा माणसाला कोठून मिळते? एखादें व्याख्यान ऐकून मन पेटून उठावें, हा अनुभव श्रोत्यांपैकीं पुष्कळांना असेल. पण तो जोम आठवडाभरहि टिकत नाहीं. जन्मभर टिकणारी प्रेरणा कशी असते हें पाहावयाचें तर महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र उघडावें.

कर्वे १८५८ सालीं जन्मले. कोंकणांतील मुरूड हें त्यांचें गांव. स्वभाव लाजाळू, बोलणें मोजकें. मुंबईस शिकवण्या व शिक्षकी करून पोट भरूं लागल्यावर त्यांनीं गांवच्या उपयोगासाठीं मुरूडकरांकडून लहान लहान वर्गण्या घेऊन 'मुरूड फंड' उभारला. आरंभ झाला तो असा, अगदीं जवळच्या ऋणापासून.

१८९१ सालीं त्यांची पत्नी राधाबाई निवर्तली. त्याच वर्षीं ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक झाले. पुन्हां लग्न करावयाचें तर विधवेशींच, हा त्यांचा निश्चय होता. १८९३ सालीं त्यांनीं आपल्या मित्राची विधवा बहीण गोदूबाई, म्हणजेच पुढें आनंदीबाई म्हणून ओळखल्या गेलेल्या बाई, यांच्याशीं विवाह केला. ज्या मुरूडसाठीं फंड काढला, त्याच मुरूडनें त्यांना वाळींत टाकलें.

अशा प्रसंगीं एखादा गांवाशीं भांडता, एखादा खचून घरीं बसता. कर्व्यांनीं विचार केला. पुनर्विवाहानें एकेकीचा संसार सावरेल. पण विधवा स्वतःच्या पायांवर उभ्या राहावयाच्या तर त्यांना शिक्षणच हवें. १८९६ सालीं त्यांनीं अनाथबालिकाश्रम काढला. पुढें पुण्यांत प्लेगचा कहर झाला, तेव्हां रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या हिंगण्याच्या जागेवर एक झोंपडी उभी राहिली आणि १९०० सालीं आश्रम तेथें गेला. दिवसा कॉलेजांत गणित शिकवावें, आणि काम आटोपल्यावर चिखलाची वाट तुडवीत पायीं हिंगणें गांठावें, असा कर्व्यांचा क्रम सुरू झाला.

मला त्यांच्या चरित्राचें मर्म ह्या वाटचालींत दिसतें. प्रेरणा आधीं पुरती जमवून मग काम हातीं घ्यावें, असें त्यांनीं केलें नाहीं. वाटेच्या शेवटीं शिकण्यासाठीं खोळंबलेल्या मुली रोज दिसत, आणि दुसऱ्या दिवशींच्या चालण्याला तेवढें पुरे होई. कामच प्रेरणेला ताजें ठेवी. गांवानें धन्यवाद दिले कीं शिव्या, याचा हिशेब त्यांत येतच नव्हता.

वर्तुळ मात्र वाढत गेलें. १९१६ सालीं महिला विद्यापीठ निघालें; १९३६ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं मंडळ; आणि १९४४ सालीं जातिभेद मोडण्यासाठीं समता संघ. १९६२ सालीं, एकशें चार वर्षांचें आयुष्य भोगून, ते गेले.

आपल्याला एवढें मोठें कार्य कोठून झेपणार, असें कोणी म्हणेल. कर्व्यांनाहि तें एकदम झेपलें नव्हतें. त्यांनीं आपल्या गांवापासून आरंभ केला. आपलें मुरूड कोणतें, एवढें ज्यानें त्यानें आज रात्रीं स्वतःशीं विचारून पाहावें.