बिघडलेला कीबोर्ड आणि गर्दीचा पडदा

जबलपूर-भोपाळ महामार्गावरचे शहपुरा हे जबलपूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. जवळचे रेल्वे स्थानक भिटोनी, म्हणून शहपुरा-भिटोनी असे जोडनावच रूढ झाले आहे. डिंडोरी जिल्ह्यातले शहपुरा ते वेगळे. हिवाळ्यात मटार, त्यामागून गहू, आणि पिकांच्या मागोमाग येणारी नोंदणी, नकला, दाखले यांची कामे. मध्य प्रदेश सरकार आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांनी २००६ साली मिळून उभी केलेली एमपी ऑनलाइन ही कंपनी आणि तिची गावोगावची केंद्रे याच कामांसाठी आहेत. अशा केंद्रातल्या लॅपटॉपवर एकाच वेळी सरकारी पोर्टल, स्कॅन केलेले कागद, फोटो लहान करायचा प्रोग्राम आणि पैसे भरायचे पान उघडे असते. कीबोर्डवर रस्त्याची धूळ बसते, शेजारी चहाचा ग्लास असतो, आणि पावसाळ्याची दमट हवा महिनोन्‌महिने टिकते. लॅपटॉपची खरी परीक्षा मोठ्या शहरातल्या वातानुकूलित कचेरीत होत नाही, ती अशा टेबलावर होते. म्हणून हे विवेचन त्या टेबलासाठी आहे.

मुख्य म्हणणे असे: बटण चालत नाही ही तक्रार बोटाला कळते, पण तिचे मूळ बोटाखालीच असेल असे नाही. बटणाची टोपी, तिच्याखालची रबरी घुमटी, तिच्याखालचे पातळ पत्रे, त्यातून निघणारी रिबन, मदरबोर्डवरचा कंट्रोलर आणि शेवटी विंडोजची मांडणी असे एकाखाली एक थर आहेत. बिघाड कोणत्या थरात आहे हे ठरल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये. सुटा भाग जबलपूरहून यायचा असेल तर मधले दिवस काम थांबवून चालत नाही. तेव्हा उरलेल्या बटणांवर पडदा कसा हाकायचा, हाही याच विषयाचा भाग ठरतो.

आधी रचना पाहू. कीबोर्डवर शंभराच्या आसपास बटणे असली तरी प्रत्येकाला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते आणि प्रत्येक बटण एका आडव्या व एका उभ्या रेषेच्या छेदावर बसते. नाट्यगृहात रांगेचे अक्षर आणि खुर्चीचा क्रमांक मिळून जशी एकच जागा ठरते, तसे. आठ आडव्या आणि सोळा उभ्या रेषा घेतल्या तर १२८ छेद मिळतात आणि तारा लागतात फक्त २४. कंट्रोलर एकेका रेषेत क्रमाने वीज सोडून दुसऱ्या बाजूला ती कुठे उमटते हे सेकंदात अनेक वेळा तपासत राहतो. या रेषा पॉलिएस्टरच्या दोन पत्र्यांवर चांदीच्या शाईने छापलेल्या असतात. मध्ये छिद्रे असलेला तिसरा पत्रा असतो. बटण दाबले की घुमटी वरच्या पत्र्याला छिद्रातून खालच्या पत्र्यावर टेकवते आणि छेद जुळतो.

एवढे समजले की निदानाचा अर्धा रस्ता संपतो. एकच बटण गेले असेल तर दोष बहुधा टोपीत, घुमटीत किंवा त्या छिद्रातल्या घाणीत असतो. एकमेकांपासून लांब असलेली चार-पाच बटणे एकाच दिवशी गेली, तर ती एका रेषेवरची भावंडे आहेत आणि ती रेष कुठेतरी तुटली आहे. तिथे टोप्या काढून पुसत बसणे व्यर्थ. सगळा कीबोर्ड गप्प झाला तर रिबन सैल झाली असेल किंवा कंट्रोलर गेला असेल.

त्याआधी विंडोजचा थर तपासून घ्यावा, कारण कित्येक तक्रारी तिथेच मिटतात. यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ उमटत असेल तर नम लॉक सुरू आहे. बटण बराच वेळ दाबून धरल्यावरच अक्षर येत असेल तर फिल्टर कीज सुरू झाली आहे; उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की ती सुरू करण्याची विचारणा होते आणि घाईत माणूस होकार देऊन मोकळा होतो. ॲटच्या जागी अवतरणचिन्ह उमटले तर मांडणी ब्रिटिश झाली आहे. विंडोज आणि स्पेसबार मिळून दाबले की मांडण्या बदलतात.

यानंतर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडावा. तेच बटण तिथेही चुकले तर दोष विंडोजमध्ये, तिथे ते नीट चालले तर दोष लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये. याला एक अपवाद आहे आणि तो फसवतो. लॅपटॉपवरचे कंट्रोल बटण आतून चिकटून राहिले असेल तर विंडोज दोन्ही कीबोर्ड एकत्रच वाचते, म्हणून बाहेरच्या कीबोर्डवर पी दाबले तरी प्रिंटची खिडकी उघडते आणि चांगला कीबोर्डही बिघडलेला वाटतो. अशा वेळी विंडोज, कंट्रोल आणि ओ मिळून दाबून, किंवा माउसने सेटिंग्जमधून, पडद्यावरचा कीबोर्ड उघडावा; चिकटलेले कंट्रोल त्यावर दाबलेले दिसते.

देवनागरीत टंकन करणाऱ्याचे नुकसान इंग्रजीपेक्षा वेगळ्या ठिकाणी होते. इनस्क्रिप्ट मांडणीत काना ई च्या बटणावर आहे आणि हलन्त डी वर. ई गेले की मराठी किंवा हिंदीचे एक वाक्यही धड पुरे होत नाही. शिफ्टचे मोल तर याहून मोठे: ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ हे सारे शिफ्टसह येतात, तसेच ण आणि श. मराठी माणसाला लागणारा ळ हाही ल च्या बटणावर शिफ्टसह. बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असल्याने ही अक्षरे काढताना डाव्या शिफ्टवर जास्त भार पडतो, म्हणून झीज तिथे आधी दिसते. सीपीसीटी या राज्याच्या संगणक-प्रवीणता परीक्षेत हिंदी टंकनाला मिनिटाला २० शब्दांचा वेग लागतो. तिच्या सरावाच्या यंत्रावर अर्धवट चालणारी शिफ्ट म्हणजे मेहनतीची नासाडी. विद्यार्थ्यांच्या सरावाची यंत्रे आधी दुरुस्त व्हावीत, असे माझे मत आहे.

बटण उचकटताना घाई करू नये. टोपीखाली कात्रीसारखा दुहेरी प्लॅस्टिकचा सांगाडा असतो. त्याचे बारीक कान मोडले तर टोपी पुन्हा बसत नाही. कोणत्या बाजूने उचलायचे हे मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून पहिला प्रयोग क्वचित लागणाऱ्या बटणावर करावा. स्पेसबार, एंटर आणि शिफ्टखाली तारेची दांडी असते, ती आधी हुकातून सोडवायची. साफसफाईला ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. घुमटी सुटली असेल तर सिलिकॉनचा अगदी पातळ थर लावून ती बसवावी. झटकन चिकटणारा गोंद टाळावा. त्याची वाफ संपर्काच्या जागेवर पांढरी साय धरते. घुमटी फाटली असेल तर उजव्या कंट्रोलसारख्या कमी वापरातल्या बटणाची घुमटी काढून तिथे बसवता येते. अक्षरांच्या बटणांचे सांगाडेही बहुतेकदा एकसारखे असतात. सुटे भाग सहज न मिळणाऱ्या गावात ही अदलाबदल फार उपयोगाची आहे.

चहा सांडला तर प्रकरण वेगळे. द्रव दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत शोषला जातो आणि वरून कोरडे दिसले तरी आत दिवसेंदिवस टिकतो. साखर चिकटते, ओल चांदीची शाई खाते. तत्काळ चार्जर काढावा, पॉवरचे बटण दाबून धरून यंत्र बंद करावे, उलटे ठेवावे आणि शक्य तितक्या लवकर बॅटरी सोडवावी. केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारू नये, पॉलिएस्टर वेडेवाकडे होते. तुटलेल्या रेषेवर डाग देण्याचा विचारही करू नये. त्या उष्णतेने पत्राच वितळतो. कीबोर्ड किंवा टचपॅड खालून फुगून वर आला असेल तर हा बिघाड कीबोर्डचा नाहीच, लिथियम बॅटरी फुगली आहे. ते यंत्र चार्ज करू नये, वापरू नये, आणि बॅटरीला टोकदार काही लागू देऊ नये.

आता मधल्या दिवसांचे काम. विंडोजचे बटण गेले तर कंट्रोल आणि एस्केपने स्टार्ट उघडते. टॅब गेले तर ऑल्ट आणि एस्केपने खिडक्या एकामागून एक पुढे येतात. हरवलेले अक्षर एकदा कुठूनतरी कॉपी करून विंडोज-व्ही ने उघडणाऱ्या यादीत पिन करून ठेवावे. ही सोय २०१८ पासून विंडोज १० मध्ये आहे. अधिक टिकाऊ उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मोफत पॉवरटॉइज: त्यातल्या कीबोर्ड मॅनेजरने मेलेल्या बटणाचे काम कॅप्स लॉकला देता येते. पण पॉवरटॉइज लॉगिननंतरच जागे होते. पासवर्डात तेच अक्षर असेल तर लॉगिनच्या पानावरच्या ॲक्सेसिबिलिटी चिन्हातून पडद्यावरचा कीबोर्ड घ्यावा.

पडद्याच्या मांडणीत सर्वांत उपयोगी जोडी विंडोज आणि डावा-उजवा बाण ही, २००९ च्या विंडोज ७ पासूनची. डावीकडे अर्ज, उजवीकडे स्कॅन केलेला कागद; नाव आणि क्रमांक पाहून भरताना चुका कमी होतात, कारण डोळ्याला आठवणीवर विसंबावे लागत नाही. जुन्या १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर प्रत्येक बाजूला ६८३ बिंदूच उरतात आणि पोर्टल आडवे सरकवावे लागते. तिथे कंट्रोल आणि वजाचे चिन्ह दाबून पान ८० टक्के करावे. प्रोजेक्टर किंवा दुसरा पडदा काढल्यावर खिडकी दिसेनाशी झाली तर तिला ऑल्ट-टॅबने निवडावे, मग ऑल्ट-स्पेस, नंतर एम, आणि बाणांनी ती ओढून आणावी.

आभासी डेस्कटॉप हे दुसऱ्याच कारणासाठी महत्त्वाचे आहे. विंडोज-कंट्रोल-डी ने नवा डेस्कटॉप उघडून एका ग्राहकाचे सारे काम त्यावर ठेवले तर पुढच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधीच्याचा आधार क्रमांक येत नाही. मात्र विंडोज-कंट्रोल-एफ ४ ने डेस्कटॉप बंद केला तरी त्यावरच्या खिडक्या बंद होत नाहीत, त्या शेजारच्या डेस्कटॉपवर सरकतात. म्हणून आधी खिडक्या बंद, मग डेस्कटॉप. विंडोज-व्ही च्या यादीतही क्रमांक साठून राहतात. क्लिअर ऑल दाबावे, पिन केलेली अक्षरे त्यातून वाचतात. लोक आपली कागदपत्रे विश्वासाने देतात, आणि हा विश्वास राखणे केंद्रचालकाच्या कामातच येते.

नवा कीबोर्ड मागवताना लॅपटॉपचे केवळ मॉडेल सांगून भागत नाही. जुन्याच्या मागचा पार्ट नंबर, रिबनची लांबी आणि ती निघते ती जागा, एंटरचा आकार, आणि प्रकाशाची दुसरी रिबन आहे का, हे जुळवावे. जुन्या पद्धतीचा कीबोर्ड खालचे स्क्रू आणि वरच्या खिट्ट्या सोडल्या की निघतो. पातळ लॅपटॉपमध्ये तो वरच्या आवरणाला वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या डझनावारी टोप्यांनी जखडलेला असतो. तिथे आवरणासह पूर्ण जोड घेणेच शहाणपणाचे. रिबनच्या खाचेची चिमटी काही ठिकाणी उचलायची असते, काही ठिकाणी बाहेर सरकवायची. ओढाताण केली तर मदरबोर्डची दुरुस्ती मागे लागते. स्क्रू कागदावर त्यांच्या जागेप्रमाणे मांडून ठेवावेत, कारण आखूड जागी लांब स्क्रू गेला तर वरच्या आवरणाला भोक पडते. नवी रिबन बसवून, काहीही कसण्याआधी, बॅटरी जोडून एकेक बटण चालवून पाहावे. जुना कीबोर्ड फेकू नये; त्यातल्या चांगल्या टोप्या, सांगाडे आणि घुमट्या त्याच मॉडेलच्या पुढच्या यंत्रासाठी मॉडेलचे नाव लिहिलेल्या पाकिटात ठेवाव्यात.