दोन हातांमागचा प्राणी

जुलै १९६५. गोबीच्या वाळवंटात अल्तान उला इथे झोफिया केलान-यावोरोव्स्का यांना दोन हात सापडले. पोलंड आणि मंगोलियाच्या संयुक्त मोहिमेच्या त्या प्रमुख. एकेक हात सुमारे २.४ मीटर लांब, टोकाला तीन बोटं आणि जबरदस्त नख्या. सोबत बरगड्या-मणक्यांचे काही तुकडे. डोकं, पाय, शेपूट यांचा पत्ता नाही. १९७० मध्ये हाल्श्का ओस्मुल्स्का आणि एवा रोनिएविच यांनी त्या प्राण्याचं बारसं केलं : डायनोकायरस मिरिफिकस.

उरलेला प्राणी मग ज्याने त्याने आपापल्या परीने जोडला. इतके मोठे हात म्हणजे सावज फाडणारा महाकाय शिकारीच, हा पहिला तर्क. सोव्हिएत शास्त्रज्ञ रोझदेस्त्वेन्स्की यांना ते हात स्लॉथच्या हातांसारखे वाटले, म्हणजे प्राणी झाडावर चढणारा! जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९७२ मध्ये हाडांची ठेवण पाहून सांगितलं, की हे शहामृगासारख्या दिसणाऱ्या डायनोसॉरांच्या गोतावळ्यातलं दिसतंय. तेच खरं ठरलं. पण त्या गोतावळ्यातला हा इतका विचित्र निघेल, असं कुणालाच वाटलं नव्हतं.

२००६ आणि २००९ मध्ये कोरिया-मंगोलिया मोहिमेला आणखी दोन सांगाडे मिळाले. त्याआधी तिथे चोर येऊन गेले होते. मोठ्या सांगाड्याची कवटी, पंजे, पावलं गायब. ती पुढे जीवाश्मशास्त्रज्ञ पास्काल गोदफ्रुआ यांना युरोपातल्या एका खासगी संग्रहात दिसली. चोरांच्या हातून खड्ड्यातच राहिलेलं पायाच्या बोटाचं एक हाड त्या पावलात चपखल बसलं. २०१४ मध्ये ही हाडं मंगोलियाला परत मिळाली आणि त्याच वर्षी यंग-नम ली आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये पूर्ण प्राणी मांडला.

लांबी ११ मीटर, वजन सहा टनांहून जास्त. मीटरभर लांबीची, बिनदातांची कवटी, पुढे बदकासारखी पसरट चोच. पाठीच्या मणक्यांवरचे काटे इतके उंच, की पाठीवर वशिंड किंवा शीड असणारच. पायाच्या बोटांची टोकं बोथट आणि रुंद, चिखलात न रुतण्याजोगी. पोटाच्या जागी चौदाशेहून जास्त गोटे, त्यांतच माशांची हाडं आणि खवले. म्हणजे हा नदीकाठी वनस्पती ओरबाडणारा आणि मासेही गिळणारा जीव. याच्या चित्रांतला शेपटीचा पिसांचा झुबका मात्र अनुमानाचा आहे : शेवटचे मणके पक्ष्यांसारखे जुळलेले आहेत, पिसं सापडलेली नाहीत. रंग तर सर्वस्वी चित्रकाराच्या मर्जीचा.

मधल्या काळात, २००८ मध्ये, १९६५ची मूळ जागा पुन्हा शोधून काढली गेली. तिथे मिळालेल्या पोटाकडच्या बरगड्यांच्या तुकड्यांवर दातांच्या खुणा होत्या, टार्बोसॉरस या शिकारी डायनोसॉरच्या. ज्याला आधी शिकारी समजलं गेलं होतं, त्याचं पोट कुणीतरी फाडून खाल्लं होतं.