सक्ती, संमती आणि सातबारा : खुल्या अर्थविचारातील स्त्रीप्रश्न

शासनाच्या सक्तीऐवजी व्यक्तीची संमती, हे खुल्या अर्थविचाराचे सूत्र होय. महाराष्ट्रात शरद जोशी यांनी ते स्त्रीप्रश्नालाही लावले. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम हाती घेतली. शेतकऱ्याने स्वेच्छेने पत्नीच्या नावे जमीन करावी, असे तिचे स्वरूप होते. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध पडलेले एकमेव मतही जोशींचेच. मतदारसंघ आळीपाळीने राखीव करण्याची पद्धत त्यांना अमान्य होती.

या सूत्राची मर्यादा रायगडच्या किनारपट्टीवर जाणवते. सेझसाठीच्या भूसंपादनावर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत शासनाने शेतकऱ्यांचा कौल घेतला. सक्तीपेक्षा कौल निश्चितच श्रेयस्कर. तथापि मालकाची संमती म्हणजे सातबाऱ्यावरील नावाची संमती. खारजमिनीतील भातशेतीत आयुष्यभर राबणाऱ्या स्त्रीचे नाव तेथे नसेल, तर तिची संमती कोण विचारणार?

वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत हिंदू मुलीला मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हिस्सा मिळाला तो राज्याच्या १९९४ च्या आणि केंद्राच्या २००५ च्या वारसा-दुरुस्तीने, म्हणजे कायद्यानेच. संमतीला अर्थ येण्यासाठी आधी मालकी हवी. आणि ती केवळ स्वेच्छेवर सोपवून भागत नाही, असाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.