झिरो नंबरचं घराणं

जळगाव जामोदला हार्डवेअरच्या दुकानात ‘झिरो नंबर द्या’ म्हटलं की बारीक पॉलिश पेपर हातात पडतो. ‘२२० द्या’ म्हटलं तरी बारीकच मिळतो. एका घराण्यात आकडा शून्याकडे उतरला की कागद बारीक होतो, दुसऱ्यात आकडा चढला की. खरादावर लाटणी, पलंगाचे पाय, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाकं काढणाऱ्याच्या फडताळात ही दोन्ही घराणी एकत्र नांदतात. मग कप्पे लावायला बसलं की पहिली अडचण येते ती शून्याची. त्याला ८० च्या आधी बसवायचं, की ४०० च्या पुढे?

या शून्याचा माग काढताना मी पिठाच्या गिरणीत जाऊन पोहोचलो. का, ते सांगतो.

आधी सर्वांना ठाऊक असलेलं उरकून घेऊ. तेराव्या शतकात चीनमध्ये शिंपल्यांचा चुरा, बिया आणि वाळू नैसर्गिक डिंकानं चर्मपत्रावर चिकटवत. १८३३ मध्ये लंडनच्या जॉन ओकी यांनी काचकागदाचं मोठं उत्पादन सुरू केलं. १८३४ मध्ये अमेरिकेत आयझॅक फिशर यांना असा कागद बनवण्याचं पेटंट मिळालं. १९२१ मध्ये थ्री-एमनं पाण्यात भिजवून वापरायचा कागद आणला. झालं.

चढत्या आकड्यांचं कूळ सरळ आहे. ८०, १२०, २२० हे मुळात चाळणीचे आकडे. एका इंचात जाळीची जितकी भोकं, तितका नंबर. भोकं वाढली की प्रत्येक भोक लहान होतं आणि त्यातून उतरणारा कणही. युरोपीय मापात पी-८० चा कण सरासरी २०१ मायक्रॉनचा, पी-१२० चा १२५ चा आणि पी-२२० चा ६८ चा. हे कापसाच्या मुलखात कुणाला नवं वाटू नये. सुताचंही तसंच आहे : एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी, तितका काउंट, म्हणून ६० चं सूत २० च्या सुतापेक्षा बारीक. वऱ्हाडचा जुना आखूड धाग्याचा कापूस जाड सुताच्या कामाचा होता, म्हणजे लहान आकड्यांचा.

शून्याचं कूळ मात्र सरळ नाही. इंग्रजी काचकागदाची जुनी उतरंड अशी : ३, अडीच, मग २ चे तीन पोटभाग, दीड, १, ०, आणि सर्वांत बारीक ००. या शेवटच्या प्रतीला इंग्रज सुतार ‘फ्लोअर’ म्हणत, म्हणजे पीठ. आता इटलीतल्या पिठाच्या पिशव्या बघा. तिथे भरड पिठाला २, त्याहून बारीक १, मग ०, आणि मैद्यासारखं सर्वांत मऊ ते ००. बुडापेस्टच्या गिरण्यांतही एकोणिसाव्या शतकात उत्तम पांढऱ्या पिठाला ० नंबर असे आणि प्रत उतरेल तसा आकडा चढे. माझा तर्क असा की काच दळून चाळणाऱ्यांनी चाळणीबरोबर गिरणीची भाषाही उचलली. दळणं, चाळणं, प्रती लावणं ही सगळी कामं एकाच जातीची, आणि बारीक प्रतीला चक्क पीठच म्हटलंय! याहून मोठा पुरावा कुळाला कशाला हवा?

विरोधी पक्षही दुबळा नाही. तो म्हणतो, शून्य उसनं आणायची गरजच नव्हती. मोजणी १ पासून सुरू केली आणि पुढे त्याहून बारीक माल बनू लागला, तर १ च्या खाली शून्याशिवाय जागाच कुठे आहे? शस्त्रक्रियेचा टाक्यांचा धागा बघा. पूर्वी १ ते ६ असे नंबर होते, १ सर्वांत बारीक. त्याहून बारीक धागा निघाल्यावर ० आला, मग ००, आणि आज डॉक्टर ३-०, ६-० असे धागे मागतात. चित्रकाराच्या ब्रशांत ००० बारीक, पोलादी लोकरीत ०००० सर्वांत बारीक. तारेच्या गेजमध्ये अडचण उलट्या टोकाला आली, म्हणून तिथे ०० आणि ००० जाड तारेचे. या सगळ्यांनी गिरणीकडून काही उसनं घेतलेलं नाही.

त्याहून टोचणारा पुरावा खुद्द गिरणीतच सापडतो. पीठ चाळायच्या स्विस रेशमी जाळीचे नंबर ०००० पासून सुरू होत, आणि ०००० ही सर्वांत भरड जाळी! म्हणजे एकाच छपराखाली पिठाचं शून्य बारीक आणि जाळीचं शून्य भरड. तरीही मी माघार घेत नाही. कागद विकत घेणारा सुतार जाळी कधी बघतच नव्हता, त्याच्या ओळखीचं होतं ते पीठ. नाव गिऱ्हाइकाच्या ओळखीचंच पडतं.

चाळणीवाल्या घराण्यालाही एक खिंडार आहे. पी-२२० पर्यंतचे कण चाळता येतात. पी-२४० पासून पुढे जाळी हरते आणि कण पाण्यात किती वेगानं खाली बसतात यावरून प्रत ठरते. भिंगं घासणारे तर एमरी या कठीण दगडाच्या भुकटीला ‘दहा मिनिटांची’, ‘साठ मिनिटांची’ असंच म्हणत. म्हणजे ४०० च्या कागदावर चाळणीचा आकडा आहे, चाळणी नाही.

आता फडताळाकडे. चाळण्यांची चळत लावताना भरड वर आणि बारीक खाली. कागदांची चळत नेमकी उलटी हवी, भरड खाली आणि बारीक वर. ८० चा एक सुटा कण ३२० वर पडला, तर गोल फिरणाऱ्या लाकडावर तो रेघ नाही, अख्खं कडं उमटवतो. नंबर कागदाच्या पाठीवर छापलेला असतो. पट्ट्या फाडल्या की तो एकाच तुकड्यावर उरतो, म्हणून फाडण्याआधी प्रत्येक पट्टीमागे पेन्सिलीनं आकडा लिहावा. तान्हा पोळा श्रावणी अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे घासकामाची घाई ऐन दमट हवेत. सरसानं चिकटवलेला कागद तेव्हा ओल पितो, वळतो, आणि कण सोडतो. असे कागद दोन फळ्यांत दाबून, जमिनीपासून उंच ठेवावेत.

आणि शून्य? जुन्या अमेरिकी कोष्टकात ० म्हणजे ८०, ००० म्हणजे १२०, आणि २२० व्हायला सहा शून्यं लागतात. इंग्रजी काचकागदाचं कोष्टक वेगळं, एमरीचं आणखी वेगळं. तेव्हा दुकानातला झिरो आणला की त्याला कप्पा देण्याआधी एकाच फळीवर १२०, १८० आणि २२० च्या शेजारी घासून बघावा. ज्याच्याशी ओरखडे जुळतील, तो आकडा पाठीवर लिहावा आणि त्याच कप्प्यात टाकावा.