हँडलला अडकवलेली पिशवी

घोडपदेवच्या आमच्या चाळीत सायकली थोड्याच होत्या. पण सायकलस्वाराच्या पाठीवर ओझे मी कधी पाहिले नाही. वडिलांचा गिरणीत न्यायचा डबा कापडी पिशवीतून हँडलला लटके, रेशन कॅरिअरवर सुतळीने बांधलेले असे. "भार गाडीला द्यावा, पाठ मोकळी ठेवावी," असे ते म्हणत.

या विद्येतले खरे पंडित म्हणजे मुंबईचे डबेवाले. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी हे काम सुरू केले. मावळ-जुन्नरकडची ही माणसे आगगाडीत डब्यांची लाकडी खोकी डोक्यावर घेतात; स्टेशनाबाहेर सायकल हाती आली, की डबे हँडलला दोहों बाजूंनी आणि मागे कॅरिअरवर. दोन्ही बाजू सारख्या भरल्या नाहीत, तर गाडी एका अंगाला ओढते. हा हिशेब त्यांना कोणत्या शाळेने शिकवला?

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. वडिलांचा डबा फळीवर गेला तो कायमचा. पुढे त्याच पिशवीतून ते घरोघर पाव पोचवू लागले. पावाचे ओझे डब्याहून हलके. तरी भायखळ्याच्या पुलाच्या चढावर ते उतरून चालत.