तळटीप : लोविसा त्रयी

* लोविसा त्रयी : फिनलंडचे संगीतकार जाँ सिबेलिउस (१८६५–१९५७) यांची व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांसाठीची रचना. १८८८च्या उन्हाळ्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, लोविसा या किनाऱ्यावरच्या गावी लिहिलेली. नाव त्यावरूनच पडले. घरातच वाद्यमेळ होता : ते स्वतः व्हायोलिन, धाकटा भाऊ क्रिस्टियन चेलो, थोरली बहीण लिंडा पियानो वाजवी. मजकुरातील ‘चेंबर म्युझिक’ म्हणजे असे दिवाणखान्यातले, मोजक्या वादकांचे संगीत. जामखेडच्या कलाकेंद्रात ज्यांनी बैठकीची लावणी ऐकली आहे, त्यांना ही जवळीक समजावून सांगायला नको. पेटी, तबला, ढोलकी हाताच्या अंतरावर; गाणारीच्या नजरेसरशी ठेका वळतो. फरक मोठा आहे, तोही सांगितला पाहिजे. लावणीत अदा आणि शब्दांची फिरत जागच्या जागी सुचते. इथे प्रत्येक स्वर आधीच लिहिलेला असतो आणि तिन्ही वाद्यांना जवळपास सारखा मान. सिबेलिउस यांची गाजलेली वाद्यवृंदरचना ‘फिनलंडिया’ (१८९९) पुढे अकरा वर्षांनी आली, म्हणून अभ्यासक ही त्रयी सरावाची वही समजून ओलांडतात. ते योग्य नाही. वाचकांनी ती एकदा, शक्यतो लहान खोलीत बसून, जरूर ऐकावी. — संपादक