शेऱ्याचा रकाना

गेल्या उन्हाळ्यात मी धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यातल्या माझ्या पहिल्या शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी जुने कपाट उघडून दिले आणि कसरीने कडा खाल्लेले १९९१-९२ चे हजेरीपत्रक हाती लागले. अक्षर माझेच. डिसेंबरच्या पानावर एका पावरा मुलाच्या नावापुढे ओळीने गैरहजेरी होती आणि शेवटच्या ‘शेरा’ या रकान्यात मी लिहिले होते : बापासोबत ऊसतोडीला गुजरातेत. होळीला येईल.

शिक्षकाचे काम आवरायला मदत करणारी साधने खानदेशात कशी आली, याचा मागोवा मी या रकान्यापासून घेतो आहे. कारण साधन बदलले की काय वाचते आणि काय पुसले जाते, हे मला तिथेच कळले.

संगणकाआधीही शिक्षकाकडे साधने होती. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रक, दैनिक टाचण, घटक नियोजन, निकालपत्रक, शेरेबुक. महिनाअखेरची संध्याकाळ गोषवाऱ्यात जाई. मुलांच्या हजर दिवसांची बेरीज, तिला कामाच्या दिवसांनी भागले की सरासरी उपस्थिती. उभी आणि आडवी बेरीज जुळली नाही, तर कंदिलाच्या उजेडात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यातले बरेचसे लिहिणे तालुक्याला आणि जिल्ह्याला हवे म्हणून होते.

मात्र वरून कोणी न मागता शिक्षकाने घडवलेले साधनही खानदेशाने पाहिले आहे. साने गुरुजी १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. तेथील छात्रालय सांभाळताना ते मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक काढीत. रोज हाताने लिहायचे आणि मुलांनी वाचायचे. कागद तोच, शाई तीच. पण ते लिहिणे कुणा वरिष्ठासाठी नव्हते, मुलांसाठी होते. साधन कोणाचे काम आवरते, हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

गंमत म्हणजे संगणकावरच्या तक्त्याची कल्पनाही वर्गातच सुचली. १९७८ मध्ये हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनने पाहिले, की फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागते. त्यातून १९७९ मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ आले. एक्सेल हा त्याच घराण्यातला पुढचा वारस. कंदिलाजवळ बेरजा करणाऱ्या शिक्षकाला हे दुखणे वेगळे समजावून सांगायला नको.

आमच्याकडे हे वारे २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे पोचले. सुट्टीच्या दिवशी एसटीने शिरपूरला जाऊन मीही तो पूर्ण केला. २००६ मध्ये हजेरीचा माझा स्वतःचा एक्सेल तक्ता तयार झाला. हजर-गैरहजर भरले की गोषवारा आपोआप. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली की मराठी नावांची गिचमिड चिन्हे होत, तरी मला त्या तक्त्याचा फार अभिमान होता. छापताना मात्र तो एका पानावर मावेना. म्हणून मी एक रकाना काढून टाकला. शेऱ्याचा.

त्याच हिवाळ्यात माझी आंतरजिल्हा बदली जळगाव जिल्ह्यात झाली. नव्या गुरुजींच्या हाती मी तक्ता दिला. त्यात तिसरीतल्या एका मुलीसमोर दोन महिने नुसती गैरहजेरी होती. आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली आहे, होळीला परतेल, हे माझ्या डोक्यात होते, तक्त्यात नव्हते. त्यांनी नियमाप्रमाणे तिचे नाव पटावरून कमी केले. ती परतली, चार दिवस हजेरी घेताना आपले नाव येईल म्हणून बसली आणि पाचव्या दिवसापासून आली नाही. हे मला वर्षभराने कळले. चूक त्यांची नव्हती. माझी बेरीज मात्र अचूक होती.

पुढे साधने झपाट्याने वाढली. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पहिली-दुसरीला आकारिक ७० टक्के व संकलित ३०, तर सातवी-आठवीला ४० आणि ६०. इयत्तेगणिक भार बदलणारे हे गणित हाताने करणे जिकिरीचे. तंत्रस्नेही शिक्षकांनी त्यासाठी एक्सेलचे तक्ते केले आणि फुकट वाटले. ही आमच्या पिढीची खरी कमाई. पण त्याच फाइलींत तयार वर्णनात्मक नोंदींच्या याद्याही फिरू लागल्या. चोपड्याच्या मुलाचे आणि साक्रीच्या मुलीचे वर्णन एकाच वाक्यात बसू लागले.

२०१५ मध्ये ‘सरल’ ही राज्याची प्रणाली आली. प्रत्येक मुलाची नोंद एका जागी आली, शाळा बदलताना माहिती हलवणे सोपे झाले, हा फायदा नाकारता येणार नाही. नंतर संचमान्यतेसाठी आधार-वैध विद्यार्थी धरले जाऊ लागले. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरे, घरी अहिराणी किंवा पावरी उच्चाराचे तिसरे. त्या एका अक्षरावर शिक्षकाचे पद टिकणे न टिकणे अवलंबू लागले. डिसेंबर २०२३ पासून रोजची हजेरीही मोबाइलवर ‘स्विफ्टचॅट’मधून जाऊ लागली. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज शोधत शिक्षक वर्गाबाहेर उभा राहतो, तेव्हा आवरले जाणारे काम वर्गातले असते की कचेरीतले, हे वाचकांनीच ठरवावे.

मी संगणकाच्या विरोधात नाही. त्या कंदिलाजवळ मला परत जायचे नाही. पण कोणतेही नवे साधन आले, की मी आधी पाहतो, यात शेऱ्याला जागा आहे का? मूल आज नाही, एवढे यंत्राला कळते. ते का नाही आणि कधी येणार, हे शिक्षकाला ठाऊक असते. ते लिहायला जागा नसेल, तर शिक्षकाची बदली होताच ते ज्ञानही गावाबाहेर जाते.

त्या दिवशी शाळेत मी हजेरीपत्रकाची पुढची पाने उलटली. १९९२ ची होळी मार्चच्या मध्यावर होती. त्या पावरा मुलाच्या ओळीत २३ मार्चपासून हजेरी लागलेली आहे.